स्पर्धा संपल्यावर कुठे शिकायचं?

प्रश्न सोलापूरहून आला आहे. विचारणारी चोवीस वर्षांची, बी.कॉम. झालेली, घर अक्कलकोटचं. कॉलेजची चार वर्षं युवा महोत्सव आणि एकांकिका स्पर्धांत गेली, अभिनयाची दोन पारितोषिकं मिळाली. घरच्यांनी दोन वर्षं दिली आहेत, त्यानंतर बँकेच्या परीक्षा. एका मोठ्या शहरातल्या खासगी वर्गाने तीन महिन्यांच्या अभिनय प्रशिक्षणाचे दीड लाख सांगितले आहेत, शेवटी ‘ऑडिशनची हमी’. ती विचारते: ताई, हे पैसे भरू का? की दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची, म्हणजे एनएसडीची, तयारी करू? की सरळ पुण्याला येऊन नाटकाच्या एखाद्या ग्रुपमध्ये शिरू? आमच्यासारख्यांना शिकायला खरंच कुठे कुठे जागा आहे?

आधी दीड लाखांचं सांगते, कारण ते तातडीचं आहे. भरू नकोस. ऑडिशनची हमी ही वस्तूच नाही. ऑडिशनला जायला पैसे लागत नाहीत, आणि काम मिळेल असं कोणी कोणाला लिहून देऊ शकत नाही. मी स्वतः १९९६ साली मिरजेहून येऊन अशाच एका शिबिरात आईच्या बांगडीचे पैसे भरले होते. जाहिरातीत ज्यांचं नाव होतं ते शेवटच्या दिवशी प्रमाणपत्रं वाटायला आले. बाकीचे एकवीस दिवस आमच्याहून दोन वर्षांनी मोठ्या मुलाने आम्हाला ‘झाड व्हा, वारा व्हा’ करायला लावलं. त्याचा दोष नव्हता, त्यालाही कोणी शिकवलं नव्हतं. पण ते पैसे मला पुढे पाच वर्षं बोचत राहिले. म्हणून कुठल्याही वर्गाला फोन केलास की चार गोष्टी विचार: रोज शिकवायला नक्की कोण असणार, एका तुकडीत किती जण, रोज किती तास, आणि शेवटी पूर्ण लांबीचं नाटक प्रेक्षकांसमोर होणार का. सरळ उत्तर आलं नाही तर फोन ठेव.

आता मूळ प्रश्न. तू विचारलंस ‘कुठे शिकू’. त्याआधी तुला काय येत नाही ते बघू या. हे कळलं की जागा निवडणं अर्धं सोपं होतं, आणि इतकी वर्षं मुलामुलींना पाहून माझी खात्री झाली आहे की बहुतेक जण हेच न बघता जागा निवडतात.

स्पर्धेनं तुला पुष्कळ दिलंय, ते कमी लेखू नकोस. ठरलेल्या मिनिटांत नेपथ्य लावायचं, वेळेत संपवायचं, वीस जणांनी एकमेकांच्या चुका झाकायच्या, हे कुठल्या वर्गात मिळत नाही. पुण्याची पुरुषोत्तम करंडक ही महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे आणि मराठी रंगभूमीवरच्या कितीतरी पिढ्या त्या भरत नाट्य मंदिराच्या मंचावर पहिल्यांदा उभ्या राहिल्या. २०२२ साली परीक्षकांनी करंडक कोणालाच द्यायचा नाही असं ठरवलं, तेव्हा मुलं खूप दुखावली. मी त्या वेळी मुलांच्या बाजूने वाईट वाटून घेतलं, पण त्या निमित्ताने तालमींच्या हॉलमध्ये जे बोलणं झालं ते मोलाचं होतं. ‘हशा आणि टाळ्या घेणारी जागा’ आणि ‘नाटक’ यात फरक काय, हे मुलं पहिल्यांदा एकमेकांशी भांडून बोलली.

पण स्पर्धेचं नाटक चार महिने बसवायचं आणि पाच-सहा वेळा करायचं. सातव्या प्रयोगाला जे कळतं ते तुला अजून कळलेलंच नाही. पंचविसाव्याला जे हरवतं आणि पुन्हा शोधावं लागतं, ते तर दूरच. दुसरं, तुझं काम आजवर ज्यांनी पाहिलं त्यांनी गुण दिले. वाक्याच्या मध्यात थांबवून ‘इथे तू खोटं बोललीस, परत’ असं म्हणणारं कोणी नव्हतं. तिसरं, तू फक्त अभिनय केलास. नाटकाच्या दुसऱ्या कुठल्याही खात्यात तुझा हात बसलेला नाही.

एकांकिकेत तू केलेल्या विडी कामगार बाईबद्दलच बोलते. तू पाठवलेलं प्रयोगाचं चित्रीकरण मी दोनदा पाहिलं. तू सुपासमोर बसतेस, पान उचलतेस, तंबाखू भरल्यासारखं करतेस, वळतेस, दोरा बांधल्यासारखं करतेस आणि बोलायला लागलीस की हात थांबतात. वाक्य संपलं की हात परत चालू. सोलापुरात हजारो बायका विड्या वळतात; तुझ्या प्रेक्षकांपैकी निम्म्यांच्या आईने किंवा आजीने वळल्या असतील. ती बाई बोलताना थांबत नाही, कारण मजुरी हजार विड्यांमागे मिळते आणि थांबली की दिवस बुडतो. तिचे डोळे तुझ्याकडे, तोंड बोलण्यात, आणि बोटं स्वतःच्या हिशेबाने चाललेली. हे ‘निरीक्षण करून’ येत नाही. तिच्याशेजारी बसून दोन आठवडे खऱ्या विड्या वळायच्या, खराब झालेल्या मोजायच्या, आणि एक दिवस लक्षात येतं की बोलता बोलता दोरा बांधून झाला. त्या दिवसानंतर तुझा संवाद वेगळा निघेल, कारण तो आता हातांच्या वर तरंगत येईल, हात त्याच्यासाठी थांबणार नाहीत. तुला पारितोषिक मिळालं ते योग्यच, आवाज आणि आवेग तुझ्याकडे आहे. पण परीक्षकाने हात पाहिले नाहीत. चांगला गुरू पहिल्या दहा मिनिटांत हातच पाहील. प्रशिक्षण म्हणजे हे, आणि हे कुठे मिळेल त्याचा आता विचार करू.

एनएसडी. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ साली सुरू झालं. इब्राहिम अल्काझी १९६२ ते १९७७ तिथे संचालक होते आणि आज भारतात नाट्यशिक्षण म्हणून जे ओळखलं जातं त्याचा सांगाडा त्या काळात उभा राहिला. पुण्याच्या रोहिणी हट्टंगडी त्याच काळात तिथे शिकल्या. बीड जिल्ह्यातून आलेले वामन केंद्रे तिथेच शिकले, पुढे मुंबई विद्यापीठात नाट्यकला अकादमी उभी केली आणि २०१३ साली एनएसडीचेच संचालक झाले. म्हणजे अक्कलकोटहून दिल्ली लांब आहे, पण वाट मळलेली आहे.

अभ्यासक्रम तीन वर्षांचा, पूर्ण वेळ, विद्यावेतन मिळतं. जागा साऱ्या देशातून तीसच्या आसपास. पदवी लागते, वय अठरा ते तीस, आणि किमान सहा नाटकांत काम केल्याचा अनुभव. तो कागदावर दाखवावा लागतो, म्हणून माहितीपत्रकं, प्रमाणपत्रं, पेपरातली कात्रणं आजच एका फाईलमध्ये लाव. अर्ज भरायच्या रात्री ट्रंका उपसत बसलेली मुलं मी पाहिली आहेत. रंगभूमीवरच्या जाणत्यांची शिफारसही लागते. दरवर्षी अटींत बारीकसारीक बदल होतात, तेव्हा त्या वर्षाची जाहिरात शब्दन् शब्द वाच. प्राथमिक फेरी मुंबईसारख्या शहरांत होते, आणि तिथून निवडलेल्यांना दिल्लीत काही दिवसांच्या कार्यशाळेला बोलावतात.

त्या कार्यशाळेबद्दल एकच सांगते, कारण मुलं इथेच चुकतात. तिथे तयार करून नेलेला उतारा ही फक्त सुरुवात असते. शिक्षक म्हणतात, ‘आता हेच कुजबुजत कर’, ‘आता हेच जेवता जेवता कर’, ‘हा माणूस तुझा भाऊ आहे असं समज’. ज्याने उतारा आरशासमोर घोटून घट्ट केलाय तो इथे अडतो. तुझ्या विडीवालीचं बोलणं तू चालताना, दळताना, बसच्या रांगेत करून बघ. जे मोडत नाही ते तुझं झालंय.

आणि हिंदी. शिकवण्याची भाषा मुख्यतः हिंदी, थोडी इंग्रजी. आपल्या मराठी मुलांना हिंदी ‘येतं’ असं वाटतं आणि मग ‘जरा’ आणि ‘ज़रा’ यातला फरक कानालाच कळत नाही. सहा महिने रोज अर्धा तास हिंदी नाटक मोठ्याने वाच, ध्वनिमुद्रण करून ऐक. कंटाळवाणं आहे, पण दुसरा उपाय नाही.

एनएसडीत नाही झालं तर? बहुतेकांचं होत नाही. तीस जागांसाठी देशभरातून मुलं येतात, तेव्हा न होणं हा तुझ्या गुणांवरचा शेरा नाही. फक्त तेवढ्यावर दोन वर्षं लावू नकोस. मी पाहिलेली सर्वांत दुःखाची मुलं ती, ज्यांनी तीन वर्षं फक्त ‘एनएसडीची तयारी’ केली आणि त्या काळात एकही नाटक केलं नाही.

जवळच्या विद्यापीठांचं थोडक्यात. पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठाचं ललित कला केंद्र १९८७ पासून आहे. नाटक, संगीत आणि नृत्य एकाच आवारात, गुरुकुल पद्धतीने. नाटककार सतीश आळेकर तिथे बरीच वर्षं प्रमुख होते. पदवी झालेली असल्याने तू तिथे एम.ए.चा विचार करू शकतेस. मुंबई विद्यापीठाची कालिना इथली नाट्यकला अकादमी २००३ ची, पदव्युत्तर दोन वर्षं. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात संगीत व नाट्यशास्त्र विभाग आहे. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातल्या नाट्यशास्त्र विभागाने मराठवाड्यातली किती मुलं घडवली ते मोजायला बसलं तर रात्र जाईल. सरकारी विद्यापीठांची फी खासगी वर्गांच्या मानाने फारच कमी असते, आणि घरच्यांना ‘एम.ए. करतेय’ हे सांगता येतं. हे दुसरं कारण मी हलक्यात घेत नाही. आईवडिलांची झोप हीसुद्धा कलाकाराची पुंजी असते. पण प्रवेशाआधी एकदा स्वतः जा, तिथल्या मुलांना भेट, गेल्या वर्षात किती नाटकं बसली आणि कोणी बसवली ते विचार. शिक्षकांच्या जागा रिकाम्या असतील तर चांगल्या विभागातही वर्ष वाया जातं.

आता ती जागा, जी तुझ्या यादीत नाही आणि जी मी तुझ्यासाठी पहिली धरीन. तू पत्रात सहज लिहिलंस की घरी आजीशी कन्नडमध्ये बोलता. अगं, हा तुझा केवढा मोठा ठेवा आहे!

कर्नाटकात शिवमोग्गा जिल्ह्यात, सागर तालुक्यात, सुपारीच्या बागांमध्ये हेग्गोडू नावाचं गाव आहे. १९४९ साली तिथल्या गावकऱ्यांनी नाटकमंडळी काढली, तिचं नाव नीनासम. के. व्ही. सुब्बण्णा हे तिचे प्राण. त्यांना १९९१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९८० पासून तिथे नाट्यशिक्षणाचा वर्ग चालतो, साधारण दहा महिन्यांचा, निवासी, कन्नड माध्यमातला. आणि १९८५ पासून ‘तिरुगाट’ नावाची त्यांची फिरती मंडळी दरवर्षी नवी नाटकं घेऊन कर्नाटकभर गावोगाव फिरते. ज्या सातव्या आणि पंचविसाव्या प्रयोगाबद्दल मी वर बोलले, तो तिथे रोजच्या जेवणासारखा आहे. आज या गावात शाळेच्या मैदानावर, उद्या त्या गावात सभागृहात, तेच नाटक, वेगळे प्रेक्षक. मी एकदा आठ दिवस तिथे राहिले होते. पहाटे मुलं आवाजाचा रियाज करत होती, दुपारी तीच मुलं नेपथ्याच्या फळ्यांना खिळे ठोकत होती, संध्याकाळी त्यातल्याच एकीने शेक्सपिअरवर वाद घातला, आणि रात्री तिची भांडी घासायची पाळी होती. कोणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. नाटक ही गावात राहून, गावाच्या भाषेत, जगाच्या बरोबरीने करायची गोष्ट आहे हे मी तिथे डोळ्यांनी पाहिलं.

तुमच्या घरातली कन्नड आणि तिथली कन्नड यात अंतर आहे, वाचनलेखनही पक्कं करावं लागेल. सहा महिने लागतील. पण सोलापूर, अक्कलकोट, जत, गडहिंग्लज या पट्ट्यातली मुलं दोन भाषांत जगतात आणि नाटकासाठी फक्त मुंबई-पुण्याकडे पाहतात, याची मला मनापासून खंत आहे. दोन भाषांत काम करू शकणारी नटी उद्या दोन रंगभूमींमधला पूल होऊ शकते.

छोट्या मुदतीच्या कार्यशाळांपैकी एकीचंच नाव घेते. पुद्दुचेरीजवळचं आदिशक्ती, वीणापाणी चावला यांनी उभं केलेलं. तिथल्या दहाएक दिवसांच्या निवासी शिबिरात श्वास, ताल, कळरीपयट्टू ही केरळची युद्धकला आणि कुडियाट्टम हे तिथलं जुनं संस्कृत नाट्य यांच्या परंपरेतून आलेलं काम असतं. तिथून आल्यावर माझ्या दोन विद्यार्थ्यांचं रंगमंचावर उभं राहणंच बदललं. पण हे आता लगेच नको. आधी वर्षभर काम कर, मग जा. रिकाम्या हंड्यात ओतलेलं आणि भरलेल्या हंड्यात ओतलेलं यात फरक पडतो.

पुण्याला येऊन ग्रुपमध्ये शिरणं. हेही शिक्षणच आहे, माझं स्वतःचं असंच झालं. फक्त ‘नटी म्हणून घ्या’ असं म्हणत आलीस तर सहा महिने तालमीच्या हॉलबाहेर बसशील. कुठलं तरी खातं हातात घेऊन ये. माझं लाईट्स होतं.

ज्यांच्याकडे शिकले ते काका दिवसा एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते. पहिले दोन महिने त्यांनी मला बोर्डला हात लावू दिला नाही. केबल गुंडाळायला शिकवलं. मी हाताच्या कोपरावरून गुंडाळायची, तर म्हणाले, ‘अशाने आतली तार पिळते. आज दिसणार नाही, सहा महिन्यांनी ऐन प्रयोगात दिवा जाईल.’ मग शिडी धरायला शिकवलं. मग वर चढून दिवा फोकस करायला, गरम स्पॉटचं झापड फडक्याने फिरवायला, दिव्यापुढे लावायचं रंगीत जिलेटिन कापायला. तिसऱ्या महिन्यात त्यांनी मला रिकाम्या मंचावर दिव्याखाली उभं केलं आणि डोळे मिटायला सांगितले. ‘आता एक पाऊल डावीकडे. काय झालं?’ गालावरची ऊब गेली. ‘नटाने उजेड डोळ्यांनी शोधायचा नसतो, गालाने शोधायचा.’ आता एलईडी दिव्यांना ती ऊब नाही, आजच्या मुलांना कडा डोळ्याच्या कोपऱ्यातून ओळखावी लागते. पण ‘मी उजेडात आहे का’ हे अंगाला कळलं पाहिजे, हे तेव्हा कळलं ते आजही नट बसवताना उपयोगी पडतं. तुझ्या चित्रीकरणात शेवटच्या प्रसंगात तू दोन फूट अंधारात उभी आहेस. सर्वांत सुंदर वाक्य, आणि चेहरा दिसत नाही. एक हंगाम लाईट्सवर काम केलेली मुलगी तिथे कधीच उभी राहणार नाही.

लाईट्स नको असेल तर ध्वनी घे, वेशभूषा घे, निर्मितीचं व्यवस्थापन घे. दर प्रयोगाला तुला नाटक समोरून किंवा विंगेतून पूर्ण पाहायला मिळतं आणि शंभर रुपये का होईना, नाईट म्हणजे प्रयोगाचे पैसे मिळतात. दिग्दर्शक नटांना काय सांगतो ते रोज ऐकायला मिळतं. त्यासाठी एक वही कर: आज कोणाला कुठे थांबवलं, का थांबवलं, दुसऱ्या दिवशी काय बदललं. मला माझ्या वह्यांनी जेवढं शिकवलं तेवढं कुठल्या व्याख्यानाने नाही.

निर्मितीकडे ओढ असेल तर ‘स्मार्ट’ नावाचा उपक्रम लक्षात ठेव. इंडिया थिएटर फोरम, जुनून आणि इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स या संस्थांनी मिळून नाटकमंडळ्यांना नियोजन, पैसा आणि प्रेक्षक यांचं व्यवस्थापन शिकवण्यासाठी तो सुरू केला. आपल्याकडे ग्रुप मोडतात ते फार वेळा कलेच्या मतभेदांनी नाही, हिशेबाची वही नसल्याने.

ग्रुपमध्ये शिरताना एक गोष्ट स्पष्ट विचारायची, लाजायचं नाही. तालीम कुठे, किती वाजता संपते, परत कशी जाणार, आणि काही वावगं घडलं तर कोणाकडे जायचं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक माणसं काम करतात त्या ठिकाणी अंतर्गत समिती लागते, आणि जिथे ती नसते तिथल्या बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. ‘नाटकवाल्यांत असं काही नसतं’ असं म्हणून जे हा प्रश्न उडवून लावतील त्यांच्याकडे काम करू नकोस. कला शिकण्यासाठी अपमान सोसावा लागतो हे साफ खोटं आहे. थांबवणं वेगळं, तुडवणं वेगळं.

पैसा. दोन वर्षं घरच्यांवर बसायचं नसेल तर या दोन-तीन गोष्टी नीट समजून घे. केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाची युवा कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे, सीसीआरटी म्हणजे सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्रामार्फत चालते. वय अठरा ते पंचवीस, महिना ५,००० रुपये, दोन वर्षं. नाटक आणि मूकनाट्य त्यात येतं, लोककला येतात. अट अशी की आधी गुरूकडे किंवा संस्थेत किमान पाच वर्षांचं शिक्षण झालेलं असावं, आणि पुढे कोणाकडे शिकणार ते सांगावं लागतं. तू चोवीसची आहेस, म्हणजे दार अजून उघडं आहे पण फार दिवस नाही. शाळेपासून ज्यांच्याकडे बालनाट्यं केलीस त्या सरांचं पत्र याच महिन्यात घे. त्याच मंत्रालयाची कनिष्ठ फेलोशिप पंचवीस ते चाळीस वयासाठी आहे, महिना १०,००० रुपये, दोन वर्षं. ती मात्र शिकण्यासाठी नसून संशोधनाच्या प्रकल्पासाठी आहे, हा फरक न समजल्याने कितीतरी अर्ज बाद होतात.

बंगळुरूचं इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स १९९३ साली स्थापन झालं. ते कलाविषयक संशोधन आणि प्रयोगांना अनुदान देतात, आणि प्रस्ताव भारतीय भाषांतून स्वीकारतात. मराठीतून लिहिता येतं हे आपल्या मुलांना माहीतच नसतं आणि तुटक्या इंग्रजीत ते आपला चांगला विचार मारून टाकतात. पुण्यात विनोद दोशी यांच्या नावाने तरुण रंगकर्मींसाठी पाठ्यवृत्ती दिल्या जातात, त्यावरही नजर ठेव.

तू सोबत जोडलेल्या अर्जाबद्दल. पहिलं वाक्य आहे: ‘मला लहानपणापासून अभिनयाची अत्यंत आवड असून कलेच्या माध्यमातून समाजप्रबोधन करण्याची माझी इच्छा आहे.’ मी निवड समितीत बसलेली आहे. दिवसाला साठ अर्ज वाचले की त्यातल्या पन्नासांत हे वाक्य असतं. ते खोटं नसतं, पण त्यातून माणूस दिसत नाही. त्याऐवजी असं काही लिही: ‘मी एका एकांकिकेत विडी कामगार बाईचं काम केलं. सहा प्रयोगांनंतर लक्षात आलं की मी बोलताना माझे हात थांबतात, आणि त्या बाईचे थांबत नाहीत. श्रम करणाऱ्या शरीराने बोलायचं कसं, हे मला शिकायचं आहे. त्यासाठी मी पुढचे सहा महिने अमुक वस्तीत, अमुक गुरूंकडे, असं काम करणार आहे.’ वाचणाऱ्याला आता एक मुलगी दिसते, तिची अडचण दिसते, आणि पैसे दिले तर काय होणार तेही दिसतं. खर्चाचा तपशीलही असाच खरा दे: प्रवास किती, हॉलचं भाडं किती, गुरूंचं मानधन किती. मानधनाचा रकाना रिकामा सोडू नकोस, शिकवणाऱ्यालाही पोट असतं.

सोबत चित्रफीत द्यायची असेल तर रील पाठवू नकोस. मोबाईल स्टँडवर लाव, पूर्ण शरीर चौकटीत ठेव, एकाच दमात पाच मिनिटं, मागे संगीत नाही, काटछाट नाही. समितीला तुझे पाय बघायचे असतात.

तर दोन वर्षांचं असं करू. पहिलं वर्ष सोलापूरमध्येच. दिवाळीच्या सुमाराला राज्य हौशी मराठी नाट्य स्पर्धा सुरू होते. १९५४ पासून चालत आलेली ही स्पर्धा म्हणजे हौशी रंगभूमीचा कणा आहे. तिथे पूर्ण लांबीचं नाटक करावं लागतं, एकांकिका नाही, आणि नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा यांना स्वतंत्र पारितोषिकं असतात. एखाद्या जुन्या संघाकडे जा आणि भूमिका मागू नकोस, लाईट्सच्या माणसाच्या हाताखाली ठेवा म्हण. असा मदतनीस त्यांना हवाच असतो. हुतात्मा स्मृती मंदिरात सलग दिवस वेगवेगळ्या संघांची नाटकं होतील तेव्हा एकही चुकवू नकोस, रोज वहीत दोन पानं. सकाळी कन्नड, दुपारी विडी वळणाऱ्या मावशींकडे, संध्याकाळी तालीम. शिष्यवृत्तीचा अर्ज याच काळात. एनएसडीची जाहिरात आली की तोही भर, नीनासमचाही भर. पुढच्या वर्षी यातलं जे दार उघडेल तिथे जा. एकही नाही उघडलं तर ललित कला केंद्र किंवा कोल्हापूर, आणि तेही नाही तर पुण्याला ये, तोवर तुझ्या हातात एक काम असेल.

बँकेच्या परीक्षेबद्दल आईला इतकंच सांग की अभ्यास सोडणार नाहीस. मराठी प्रायोगिक रंगभूमी पिढ्यान्पिढ्या नोकरी करणाऱ्यांनी चालवली आहे. बँक, पोस्ट, एलआयसी सुटली की सातला तालीम, दहाला शेवटची बस. तो कमीपणाचा रस्ता नाही.

अर्जाचं पहिलं पान नव्याने लिहून पंधरा दिवसांत पाठव. आणि मावशींकडे पहिल्या दिवशी किती विड्या खराब झाल्या, तो आकडाही कळव.